रोजच्या लेखनासाठी शिसपेन्सिलीची निवड

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



प्राथमिक शाळेच्या साहित्याचा विषय निघाला म्हणजे फळा, तक्ते, नकाशे, गणिताची साधने आणि वाचनालयातील पुस्तके यांची चर्चा होते. शिसपेन्सिलीची चर्चा सहसा होत नाही. ती गावच्या दुकानात मिळते, पालक आणून देतात, मूल ती वापरते आणि संपली म्हणजे दुसरी मागते. वास्तविक, शाळेच्या वेळेत मुलाच्या हातात सर्वांत अधिक काळ राहणारी वस्तू कोणती असा प्रश्न केला, तर शिसपेन्सिल हेच उत्तर द्यावे लागेल. ज्या वस्तूशी मुलाचा हात रोज तासन्‌तास बांधलेला असतो, ती कशी आहे हे एकदा तरी नीट पाहणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय.

या विषयाचे महत्त्व एका नित्याच्या गोष्टीवरून ध्यानी येईल. दुसरी-तिसरीच्या बहुतेक वर्गांत एखादे मूल असे असते, की ज्याचे लेखन नेहमी अपुरे राहते. शुद्धलेखनाची दहा वाक्ये सांगितली, तर त्याच्या वहीत सहाच उतरतात. जी उतरतात तीही कोठे फिकट, कोठे काळीकुट्ट, कोठे कागद फाटलेला अशी. वहीवर ‘अक्षर सुधारा’, ‘काम पूर्ण करा’ असे शेरे पडतात. काही दिवसांनी ते मूल आळशी आहे असे वर्गात रूढ होते आणि हळूहळू त्या मुलालाही ते खरे वाटू लागते. अशा मुलाच्या हातातील पेन्सिल घेऊन कोणी चार ओळी लिहून पाहिल्या, तर पुष्कळदा निराळाच प्रकार उघडकीस येतो. दर दोन ओळींनी टोक मोडते; टोक करावयास जावे तर आतली कांडी तुकडे होऊन बाहेर पडते; तोपर्यंत गुरुजी किंवा बाई पुढच्या वाक्यावर गेलेल्या असतात. दोष पेन्सिलीचा असतो आणि शेरा मात्र मुलाला मिळतो. हा अन्याय टाळावयाचा, तर चांगली पेन्सिल कशी ओळखावी हे शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे.

नावातील शिसे

शिसपेन्सिल या नावात शिसे असले, तरी वस्तूत शिसे नाही. हा नावाचा घोटाळा फार जुना आहे. इंग्लंडच्या उत्तर भागात कंबरलँड परगण्यातील बॉरोडेल येथे सोळाव्या शतकात एका काळ्या, चकचकीत व मऊ खनिजाचा मोठा साठा सापडला. त्याने खूण उमटते हे पाहून लोकांनी ते शिशाचाच एक प्रकार असावा असे मानले आणि त्याला ‘काळे शिसे’ म्हणू लागले. १५६५ साली कॉनराड गेसनर या स्विस पंडिताने आपल्या ग्रंथात लाकडी नळीत हे खनिज बसविलेल्या लेखणीचे वर्णन केले. पुढे १७७९ मध्ये कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने हा पदार्थ म्हणजे कार्बनचे एक रूप आहे असे दाखवून दिले. १७८९ मध्ये आब्राहाम व्हेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्रॅफाइट हे नाव दिले. तोवर जुने नाव लोकांच्या तोंडी इतके बसले होते, की ते गेले नाही. मराठीतही ते तसेच आले. वर्गात मुलांना एवढे आवर्जून सांगावे, की पेन्सिलीची काळी कांडी कार्बनची असते आणि अंगठीतला हिराही कार्बनचाच असतो. भेद आहे तो कणांच्या रचनेचा.

ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात व ते एकमेकांवरून सहज सरकतात. पेन्सिल कागदावरून फिरली, की या थरांचे सूक्ष्म कण सुटून कागदाच्या तंतूंत अडकतात. हीच पेन्सिलीची रेघ होय. ही गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढील पुष्कळ गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. फार गुळगुळीत कागदावर रेघ फिकट का उमटते, खरखरीत कागदावर टोक लवकर का झिजते आणि खोडरबराने लेखन का पुसले जाते, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर कागदाचे तंतू व त्यांत अडकलेले कण हेच आहे.

आजच्या पेन्सिलीचा खरा पाया १७९५ साली घातला गेला. फ्रान्स व इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपल्यामुळे फ्रान्सला इंग्लंडचे चांगले ग्रॅफाइट मिळेनासे झाले होते. तेव्हा निकोला-झाक काँते या फ्रेंच संशोधकाने हलक्या ग्रॅफाइटची पूड करून, तीत चिकणमाती मिसळून, त्या मिश्रणाच्या कांड्या भट्टीत भाजण्याची कृती शोधून काढली व तिचे पेटंट घेतले. अडचणीतून निघालेल्या या कृतीने एक मोठाच लाभ झाला. मातीचे प्रमाण वाढविले की कांडी कठीण व फिकट होते, कमी केले की मऊ व काळी होते, असे आढळून आले. म्हणजे पेन्सिलीचा कठीणपणा खाणीवर अवलंबून न राहता कारखानदाराच्या हाती आला. आजही कांडी याच रीतीने होते. ग्रॅफाइट, माती व पाणी यांचा लगदा बारीक छिद्रातून शेवयांसारखा दाबून काढतात, वाळवितात, सुमारे १००० अंश सेल्सिअस उष्णतेला भाजतात आणि शेवटी गरम मेणात बुडवितात. मेणामुळे कांडी कागदावरून सुळसुळीत फिरते. यातील कोणत्याही पायरीत निष्काळजीपणा झाला, पूड भरड राहिली किंवा माती नीट मिसळली नाही, तर लिहिताना कचकच लागते. मुले जिला ‘खडा लागला’ असे म्हणतात, ती हीच.

कठीण, मऊ आणि मधली

पेन्सिलीच्या अंगावर इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. त्यांपैकी ‘एच’ हे अक्षर कठीणपणाचे व ‘बी’ हे काळेपणाचे निदर्शक आहे. अक्षरापूर्वीचा अंक जसजसा वाढतो, तसतसा तो गुण वाढतो. ४एच ही २एचपेक्षा कठीण आणि ४बी ही २बीपेक्षा मऊ व काळी. दोहोंच्या मध्ये ‘एचबी’ आणि तिच्याहून किंचित कठीण अशी ‘एफ’ येते. अमेरिकेत हीच मधली पेन्सिल २ क्रमांकाने ओळखली जाते. सर्वसाधारण एचबी पेन्सिलीच्या कांडीत ग्रॅफाइट सुमारे दोनतृतीयांश व माती सुमारे पाव हिस्सा असते, उरलेला थोडा भाग मेणाचा.

रोजच्या लेखनासाठी कोणती घ्यावी, याचे उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे: हात, कागद आणि लिपी.

प्रथम हाताचा विचार करू जाता असे दिसते, की पहिलीतील मुलाची बोटे अजून तयार झालेली नसतात. अशा मुलाला कठीण पेन्सिल दिली, तर रेघ उमटावी म्हणून ते मूल ती कागदात रुतविते. बोटांची पेरे पांढरी पडतात, मनगट दुखते आणि चार ओळींनंतर लिहिणे नकोसे होते. म्हणून पहिलीसाठी जाड कांडीची बी किंवा २बी पेन्सिल योग्य. हलक्या दाबानेही तिची रेघ स्पष्ट उमटते. दुसरी-तिसरीत बी किंवा एचबी आणि चौथीपासून पुढे एचबी, असा क्रम बहुतेक मुलांना मानवतो. एखादे मूल मुळातच जोर देऊन लिहिणारे असेल, तर त्याला थोडी कठीण पेन्सिल द्यावी असे काहींना वाटते. परंतु त्याने जोर आणखी वाढतो. अशा मुलाला मऊ पेन्सिल देऊन हलक्या हाताने लिहिण्याची सवय लावावी, हा मार्ग अधिक हिताचा. डावखुऱ्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. देवनागरी डावीकडून उजवीकडे लिहिली जात असल्याने त्याचा हात लिहिलेल्या मजकुरावरूनच सरकतो. मऊ पेन्सिलीने पान काळे होते व तळहातही काळा होतो. त्याचा हात स्थिर झाला, की एचबी किंवा एफ यांसारखी न फिसकटणारी पेन्सिल त्याला द्यावी.

दुसरा विचार कागदाचा. स्वस्त वह्यांचा कागद खरखरीत असतो; त्यावर फार मऊ कांडी भराभर झिजते. गुळगुळीत कागदावर कठीण कांडी घसरते व रेघ फिकट पडते. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात वह्या सर्द होतात. त्या दिवसांत कठीण, अणकुचीदार टोक कागदावर ओरखडे काढते. तेव्हा पेन्सिल निवडताना ती ज्या वहीत वापरावयाची आहे, त्याच वहीत लिहून पाहणे इष्ट.

तिसरा विचार लिपीचा, आणि पेन्सिलीच्या संदर्भात तो क्वचितच केला जातो. बाळबोध लिपीत लहानशा भेदाने अक्षर पालटते. ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांतील अंतर एका गाठीचे किंवा शिरोरेषेतील लहानशा खंडाचे आहे. अनुस्वाराचा ठिपका, रफार, अर्धचंद्र, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी या सर्व गोष्टी दुरेघी वहीच्या अरुंद जागेत बसवावयाच्या असतात. फार मऊ पेन्सिलीचे टोक दोन शब्दांतच बोथट होते, गाठी भरून जातात आणि ‘ध’चा ‘घ’ होतो. शुद्धलेखन तपासताना अशा चुका मुलाच्या नावावर मांडल्या जातात. म्हणून मूल जोडाक्षरे लिहू लागले, की २बीवरून बी किंवा एचबीवर येणे आवश्यक आहे. चित्रकलेसाठी २बी ते ६बी आणि भूमितीच्या आकृतींसाठी एच किंवा २एच योग्य; त्या पेन्सिली रोजच्या लेखनात आणू नयेत.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. ही अक्षरे सर्व कारखान्यांत एकाच मापाने वापरली जात नाहीत. एका कारखान्याची एचबी ही दुसऱ्याच्या बीइतकी काळी असू शकते. ‘अतिगडद’ यांसारख्या छापील विशेषणांवरून तर काहीच निश्चित कळत नाही. छाप वाचावा, परंतु निर्णय लिहून पाहिल्यावरच करावा.

लाकडाची परीक्षा

पेन्सिल मोडते ती कांडी वाईट म्हणून, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात कांडीइतकाच दोष लाकडाचा असतो. पेन्सिल एका लाकडात भोक पाडून केलेली नसते. लाकडाच्या पातळ पट्टीवर समांतर खोबणी पाडतात, खोबणीत कांड्या ठेवतात, वरून तशीच खोबणीची दुसरी पट्टी सरसाने डकवितात, दाबून वाळवितात आणि मग त्या जोडपट्टीतून एकेक पेन्सिल कापून काढतात. दोन्ही पट्ट्यांच्या खोबणी जुळल्या नाहीत, की कांडी मध्यावरून ढळते. सरस कमी पडला, की लाकूड जोडावर उकलते. लाकूड नीट वाळलेले नसले, की पेन्सिल वाकते व आतली कांडी न दिसता तडकते.

पेन्सिलीचे लाकूड हलके, सरळ धाग्याचे, गाठी नसलेले आणि धागा आडवा असो वा उभा, सारखेच तासले जाणारे हवे. अमेरिकेत पूर्वी तांबड्या सीडरचे लाकूड यासाठी प्रसिद्ध होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते दुर्मिळ झाल्यावर कॅलिफोर्निया व ओरेगॉन येथील सुगंधी सीडरचा उपयोग सुरू झाला. भारतात आज काश्मीर खोऱ्यातील पॉप्लरच्या लाकडाला मोठी मागणी आहे. पुलवामा जिल्ह्यातील उक्खू या गावी पेन्सिलीच्या पट्ट्या कापण्याचे कारखाने असून, तेथील पट्ट्या देशभरच्या कारखान्यांना पुरविल्या जातात. दक्षिणेकडे चांदाडा या झाडाचे मऊ लाकूडही पेन्सिलीसाठी वापरतात. हे झाड कोकणच्या जंगलांतही आढळते. भूगोलाच्या तासाला हातातील पेन्सिल घेऊन काश्मीरच्या नदीकाठापासून गावच्या शाळेपर्यंतचा तिचा प्रवास नकाशावर दाखविता येईल. मुलांना तो धडा सहज समजेल, कारण त्यातील वस्तू त्यांच्या मुठीत असेल.

दुकानात करावयाच्या परीक्षा

पुढील सहा परीक्षांना कोणतेही साधन लागत नाही.

पहिली परीक्षा दृष्टीची. पेन्सिलीचे दोन्ही शेवट पाहावेत. काळी कांडी बरोबर मध्यावर असली पाहिजे. ती एका बाजूस ढळलेली असेल, तर टोक करताना एका अंगाला लाकूड पुढे राहते, दुसऱ्या अंगाने कांडी उघडी पडते व थोड्याशा दाबानेही मोडते. हा दोष कितीही काळजी घेतली तरी दूर होत नाही. अशी पेन्सिल घेऊच नये.

दुसरी परीक्षा सरळपणाची. गोल पेन्सिल सपाट फळीवर लोटावी. ती डोलत किंवा ठेचकाळत गेली, तर वाकलेली आहे असे समजावे. षटकोनी पेन्सिल एका डोळ्यासमोर धरून तिच्या कडेवरून नजर टाकावी.

तिसरी परीक्षा जोडाची. शेवटाकडे दोन पट्ट्यांच्या सांध्याची बारीक रेघ दिसते. ती मिटलेली असावी; नख शिरेल अशी फट असू नये.

चौथी परीक्षा तासण्याची. चांगल्या लाकडाचे सालपट टोकयंत्रातून अखंड, पातळ व सरळ कडेचे निघते. वाईट लाकडाचा भुगा पडतो किंवा ढलपे उडतात. टोक झाल्यावर कांडीभोवतीची लाकडाची कड सर्व बाजूंनी सारखी दिसली पाहिजे.

पाचवी परीक्षा लेखनाची. मुलाच्याच वहीत नेहमीच्या दाबाने ‘घ, ध, भ, म’ ही अक्षरे, एक जोडाक्षर व एक लांब शिरोरेषा काढावी. रेघ आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखी काळी असावी, मध्येच कचकच लागू नये आणि एक ओळ पुरी होईपर्यंत गाठी स्पष्ट राहाव्यात. पान उलटून पाठीमागे बोट फिरवावे. खोलगट वळ लागले, तर ती पेन्सिल त्या हाताला कठीण आहे.

सहावी परीक्षा खोडण्याची. लिहिलेल्या अक्षरावरून प्रथम बोट फिरवावे. काळा पट्टा ओढला गेला, तर कांडी लेखनास फार मऊ आहे. मग स्वच्छ खोडरबराने खोडावे. खोडल्यावर कागद पुन्हा लिहिण्याजोगा राहिला पाहिजे.

दुकानदार पेन्सिल तासू देणार नाही, ही अडचण खरी आहे. यावर साधा उपाय असा, की शाळेसाठी किंवा घरासाठी अनेक पेन्सिली घ्यावयाच्या असतील तेव्हा प्रथम प्रत्येक प्रकारची एकेकच घ्यावी, आठवडाभर वर्गात वापरून पाहावी आणि मग पाकिटे घ्यावीत. पाकिटे घेतानाही प्रत्येकातील दोन-तीन पेन्सिलींचे शेवट उलगडून पाहावेत, कारण एकाच छापाच्या मालातही खोट निघते.

आकार, रंग आणि मागचे रबर

षटकोनी पेन्सिल बोटांत फिरत नाही व उतरत्या जागेवरून घरंगळत नाही. जेथे मुले बसकरावर बसून लिहितात आणि वही मांडीवर किंवा जमिनीवर असते, तेथे या गुणाचे मोल अधिक. घरंगळून पडलेल्या पेन्सिलीची कांडी आतून तुटते. पहिलीच्या मुलांना त्रिकोणी व थोडी जाड पेन्सिल सोयीची पडते. अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना तिच्या तीन बाजूंवर आपापली जागा आपोआप सापडते. गोल पेन्सिल हाताला मऊ लागते, परंतु घसरते. सर्व मुलांना एकच आकार द्यावा असा आग्रह धरू नये.

रंगावरून पेन्सिलीची पारख होत नाही. जगभर पिवळ्या पेन्सिली दिसतात याचे कारण रंजक आहे. १८९० च्या सुमारास हार्टमुट या ऑस्ट्रियन कारखान्याने आपल्या उत्तम पेन्सिलीला भारतातील प्रख्यात कोहिनूर हिऱ्याचे नाव दिले व तिला पिवळा रंग चढविला. तिची कीर्ती होताच इतर कारखानदारांनी तो रंग उचलला. रंग उचलणे सोपे होते. आतली कांडी मात्र ज्याची त्याचीच राहिली. आजच्या चित्रांच्या, चकाकीच्या व सुगंधी पेन्सिलींना हीच गोष्ट लागू आहे. मुलाला चित्र आवडते हे स्वाभाविक आहे आणि सहा परीक्षांना उतरणारी चित्राची पेन्सिल मिळाली, तर ती जरूर द्यावी. फक्त चित्र पाहून परीक्षा सोडू नये. रंग नखाने खरवडला असता पापुद्रे निघत असतील, तर ती पेन्सिल लहान मुलांस देऊ नये, कारण पेन्सिल चघळण्याची सवय पुष्कळ मुलांना असते व हलक्या रंगात काय मिसळलेले असेल याची खात्री देता येत नाही.

मागे रबर बसविलेल्या पेन्सिलीचे पेटंट १८५८ मध्ये हायमन लिपमन या अमेरिकन गृहस्थाने घेतले. १८७५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दोन परिचित वस्तू एकत्र जोडल्याने नवा शोध होत नाही, असा निर्णय देऊन ते रद्द ठरविले. शाळेच्या दृष्टीनेही हे रबर दुय्यम समजावे. ते लवकर झिजते व वाळून टणक झाले की कागद फाडते. निराळे मऊ खोडरबर जवळ असणे बरे.

जपणूक

उत्तम पेन्सिलही वाईट वापराने वाया जाते. तिचे सर्वांत मोठे शत्रू दोन: आपटणे आणि बोथट पाते. पेन्सिल फरशीवर पडली, की आतील कांडी जागोजाग तडकते. वरून काही दिसत नाही आणि मग प्रत्येक वेळी टोक करताना तुकडा बाहेर येतो. पेन्सिलीने बाक वाजविणे, दप्तरात ती मोकळी टाकणे या सवयी म्हणूनच मोडाव्यात. टोकयंत्राचे, म्हणजे मुले ज्याला शार्पनर किंवा गिरमिट म्हणतात त्याचे, पाते बोथट झाले की ते लाकूड कापण्याऐवजी ओरबाडते व कांडीला पीळ देते. वर्गात एक चांगले टोकयंत्र शिक्षकांच्या टेबलावर असावे व पाते बोथट होताच ते बदलावे. लहान मुलांच्या हाती ब्लेड देऊ नये. टोक सुईसारखे करू नये. तसे टोक पहिल्याच अक्षराला मोडते.

तास सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मुलाजवळ टोक केलेल्या दोन पेन्सिली असाव्यात, हा नियम साधा पण फलदायी आहे. एक मोडली तर दुसरी हाती येते आणि शुद्धलेखनात मूल मागे पडत नाही. बोटभर उरलेला तुकडा मुठीत धरून लिहिण्याने पकड बिघडते. तो फेकून द्यावा असे नाही. बोरूच्या पोकळ नळीत किंवा जुन्या पेनाच्या टोपणात घट्ट बसविला, तर आणखी कित्येक दिवस चालतो.

किंमत आणि गरीब मूल

यावर असे म्हटले जाईल, की हे सर्व खरे असले तरी मजुरी करणाऱ्या पालकाला स्वस्त पेन्सिलच परवडते. या आक्षेपाचा विचार हिशेबाने करावा. नव्या पेन्सिलीची लांबी सुमारे साडेसतरा सेंटीमीटर असते. शेवटचे साडेतीन सेंटीमीटर सोडले, तर लिहिण्यास चौदा सेंटीमीटर मिळतात. समजा, एक पेन्सिल पाच रुपयांची आहे व कांडी वारंवार मोडल्याने तिचा निम्मा भाग टोक करण्यातच जातो. लेखनास सात सेंटीमीटर उरले. म्हणजे सेंटीमीटरमागे सुमारे ७१ पैसे पडले. दुसरी पेन्सिल आठ रुपयांची आहे व तिचे मोडण्यात दोनच सेंटीमीटर जातात. लेखनास बारा सेंटीमीटर मिळाले. सेंटीमीटरमागे सुमारे ६७ पैसे. स्वस्त म्हणून घेतलेली पेन्सिल महाग ठरली आणि मोडण्यात गेलेला वेळ या हिशेबात धरलेलाच नाही. पाचवीच्या वर्गाला हेच उदाहरण त्यांच्या स्वतःच्या पेन्सिली मोजावयास लावून घालता येईल. उलट, महाग म्हणून चांगली असेही नाही; चित्राचे व चकाकीचे पैसे देऊन आत ढळलेली कांडी मिळाल्याची उदाहरणे दुर्मिळ नाहीत. परीक्षा दोहोंचीही करावी.

हिशेब पटला, तरी महिन्याच्या अखेरीस तीन रुपये अधिक देणे काही घरांना जड जाते, हे विसरता येत नाही. गावोगावी शाळेला वह्या-पेन्सिली वाटण्याची प्रथा आहे. दाते श्रद्धेने देतात, पण बहुधा संख्येकडे पाहून देतात. अशा वेळी मुख्याध्यापकांनी दात्यास नम्रपणे सुचवावे, की शंभर वाईट पेन्सिलींऐवजी साठ चांगल्या द्याव्यात. कोणती घ्यावी हे सांगण्याइतकी माहिती मुख्याध्यापकांजवळ असावी, म्हणूनच वरील परीक्षांचा एवढा विस्तार केला आहे. याशिवाय प्रत्येक वर्गात शिक्षकांजवळ पाच-सहा टोक केलेल्या पेन्सिलींचा एक डबा ठेवावा. ज्याची मोडली त्याने न विचारता घ्यावी व तास संपताच परत ठेवावी. पेन्सिल मागण्याची लाज वाटून हात बांधून बसणारे मूल वर्गात असते. ते दिसत नाही, कारण ते गडबड करीत नाही. डब्यामुळे त्या मुलाची अडचण चारचौघांत उघडी न पडता दूर होते.

शेवटी, या सर्व विवेचनातून एकच सवय अंगी बाणली तरी पुरे आहे. ज्या वहीवर ‘अक्षर सुधारा’ असा शेरा लिहिण्याची वेळ येईल, त्या वेळी तो लिहिण्यापूर्वी त्या मुलाची पेन्सिल मागून घ्यावी, तिचे दोन्ही शेवट पाहावेत आणि तिने त्याच वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी लिहून पाहाव्यात. पेन्सिल चांगली असेल, तर शेरा लिहावा व अक्षर कसे सुधारावे हेही दाखवावे. ती वाईट असेल, तर डब्यातील चांगली पेन्सिल त्या मुलाला देऊन तोच उतारा पुन्हा लिहावयास सांगावा आणि दोन्ही उतारे शेजारी ठेवून त्याला दाखवावेत. येत्या सोमवारी आपापल्या वर्गातील सर्वांत मागे राहणाऱ्या पाच मुलांच्या पेन्सिली प्रत्येक शिक्षकाने तपासून पाहिल्या, तर या भाषणाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.